वाळवंटात मुक्काम : आप्पा, सवारो आणि पाणवठा

कोरडवाहू | १९ फेब्रुवारी

ॲरिझोनातल्या फिनिक्सहून दक्षिणेला अडीच-तीन तास गाडी हाकली की मेक्सिकोच्या सीमेला चिकटून ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट लागतं. गेल्या आठवड्यात तिथे तीन रात्री तंबूत काढल्या. मी, माझा आठ वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले आप्पा. आई म्हणाली, "घरात पलंग असताना मातीत कशाला निजायचं?" आणि ती जावयाबरोबर चँडलरला घरीच थांबली.

आप्पांचं वय ७२. सगळा जन्म माण तालुक्यात गेला. ग्रँड कॅन्यन दाखवून झालं होतं, तिथे त्यांनी "खोल हाय" एवढंच मत दिलं होतं. ऑर्गन पाइपच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना नुसतं खुरटं झुडूप, मुरमाड जमीन, लांबवर बोडके डोंगर. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "एवढं इमानाचं भाडं भरून पुन्हा म्हसवडच्या माळावरच आणलंस व्हय गं?"

वाटेत दोन गावं लागतात. पहिल्याचं नाव स्पॅनिश आहे, उच्चार "आहो". स्पॅनिशमध्ये आहो म्हणजे लसूण. पुढे दहाएक मैलांवर दुसरं गाव, नाव "व्हाय". तिथे दोन हायवे इंग्रजी वायसारखे मिळायचे म्हणून लोक त्याला नुसतं "वाय" म्हणत. गावाच्या नावात निदान तीन अक्षरं हवीत असा नियम निघाला आणि वायचं स्पेलिंग वाढून "व्हाय" झालं, असं सांगतात. म्हणजे आधी "अहो" आणि मग "का?" आप्पा हे ऐकून पहिल्यांदा हसले. आईला फोन करून सांगितलंही.

ट्विन पीक्स नावाचं मोठं कॅम्पग्राउंड आहे, २०८ जागा. आधी ऑनलाइन बुक करावं लागतं. वीज नाही, पाणी आणि संडास आहेत. आप्पांसाठी चांगली स्लीपिंग बॅग घेतली होती. ती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. "ह्या पोत्यात मी शिरणार न्हाई." मुलगा शिरला, आप्पा गावाहून आणलेली घोंगडी पांघरून आणि कानटोपी घालून झोपले. पहाटे चार-पाच अंश थंडी होती. स्लीपिंग बॅगेतली मी कुडकुडत होते, घोंगडीतले आप्पा घोरत होते.

पहिल्या सकाळी जाग आली ती एका विचित्र आवाजाने. जुन्या लुनाला किक मारत राहावं आणि ती सुरूच होऊ नये, तसा आवाज. तो कॅक्टस रेन. चोया नावाच्या भयंकर काटेरी निवडुंगात घरटं करतो, तिथे हात घालायची कोणाची छाती नाही. बाहेर आले तर आप्पा आधीच अंघोळ उरकून दगडावर बसलेले. मला हातानेच "थांब" म्हणाले. समोरून रोडरनर नावाचा पक्षी चालला होता. चार पावलं पळायचा, थांबायचा, शेपटी वर-खाली करायचा, पुन्हा पळायचा. झुडपाखालून पाल का सरडा काहीतरी उचललं, दोनदा दगडावर आपटलं आणि गिळलं.

"कुंभारकुकडा हाय की," आप्पा म्हणाले.

मी हसले. मग फोनवर शोधलं आणि हसणं बंद केलं. रोडरनर कोकिळेच्याच कुळातला, आणि आपला भारद्वाज, म्हणजे कुंभारकुकडा, तोही त्याच कुळातला. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. मातीत उमटलेला ठसा फुलीसारखा, पक्षी कुठून कुठे गेला हे ठशावरून कळतच नाही. आप्पांनी काही न वाचता नुसत्या चालीवरून ओळखला होता. वर "सकाळी सकाळी दिसला, दिवस चांगला जाणार" हेही सांगून मोकळे.

मग सवारो. स्पेलिंगात "ग" आहे, पण उच्चारात खाल्ला जातो. सिनेमात दिसतो तोच हात वर केलेला उंच निवडुंग. याची वाढ इतकी सावकाश की पहिल्या आठ-दहा वर्षांत इंच-दीड इंच. डोक्याहून जेमतेम उंच झालेला सवारो साधारण सत्तरीचा असतो. हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, आणि ऑर्गन पाइपसारख्या जास्त कोरड्या भागात त्याहून अधिक. हे सांगितल्यावर आप्पा एका बिनहाताच्या सवारोशेजारी जाऊन उभे राहिले. "हा माझ्या वर्गातला. अजून काय दिवे लावले न्हाईत ह्यानं." तो फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे.

एक सवारो मरून पडला होता. गर कुजून गेलेला, आत उभ्या लाकडी कामट्यांचा सांगाडा. आप्पा वाकून बघत होते, हात लावू नका असं मला दोनदा सांगावं लागलं. शेराला, निवडुंगाला जसा चीक येतो तसा याला येतो का, हा त्यांचा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं. इथे कोणी सांगेल का?

दुसऱ्या दिवशी मी यादी काढली होती. आहो माउंटन ड्राइव्ह, २१ मैलांचा कच्च्या रस्त्याचा फेरा, मग अमुक ट्रेल, मग तमुक. आप्पा म्हणाले, "जनावर हुडकत हिंडायचं नसतं. पाणी कुठं हाय ते इचार." पाणी आहे, कीटोबाकिटो नावाचा झरा आणि त्याचं छोटं तळं. चारला जाऊन बसलो. अगदी समोर तीस फुटी पोलादी सीमाभिंत. पाण्यात पपफिश नावाचे बोटाच्या पेराएवढे मासे. या तळ्यात आणि सीमेपलीकडच्या सोनोयटा नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात मिळून काय ते निसर्गात शिल्लक. दीड तास काही नाही. मुलगा कंटाळला. आप्पा हलले नाहीत. मग पाण्यावर पक्ष्यांची ये-जा वाढली, आणि सव्वासहाला झुडपातून कोल्ह्यासारखा एक कोयोटी आला, आमच्याकडे रोखून बघितलं, पाणी प्याला आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. मुलाने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ उठले.

तिसऱ्या रात्री चिरंजीवांनी भडंगाची पिशवी टेबलावर विसरली. मध्यरात्री घुरघुर, ओला घाणेरडा वास, आणि टॉर्चच्या उजेडात सात-आठ डुकरं. ती डुकरं नव्हेत, हावेलिना. आप्पा तंबूतून "हाड, हाड!" ओरडले. हावेलिनांना मराठी कळलं नाही. भडंग संपल्यावर गेले.

प्रश्न दोन. एक, वरचा चिकाचा. दोन, आप्पा मेअखेरपर्यंत आहेत. उन्हाळा तोंडावर असताना पुन्हा जाणं वेडेपणा ठरेल का?

चहाबाज | १९ फेब्रुवारी

"अहो, का?" वर बायको पाच मिनिटं हसत होती. आता घरात मी "अहो" आणि ती "व्हाय".

एक शंका. सीमेला इतकं लागून तंबूत राहणं सुरक्षित आहे का? आमच्या ऑफिसातले लोक नावाने दचकतात.

कोरडवाहू | २० फेब्रुवारी

दचकण्याला जुना इतिहास आहे. २००२ साली तिथले रेंजर क्रिस एगल यांचा तस्करांचा पाठलाग करताना गोळी लागून मृत्यू झाला. व्हिजिटर सेंटरला आज त्यांचं नाव आहे. त्यानंतर बराच मोठा भाग कित्येक वर्षं लोकांना बंद होता, तो २०१४ साली पुन्हा उघडला. आम्हाला गस्तीच्या गाड्या सोडून काही दिसलं नाही. बेवारस गाठोडं किंवा वाट चुकलेला माणूस दिसला तर स्वतः जवळ न जाता रेंजरला कळवा, असे फलक आहेत. आणि परतताना उत्तरेकडे तपासनाका लागतो, तेव्हा पासपोर्ट-व्हिसाचे कागद जवळ ठेवा. आप्पांचा पासपोर्ट मी घरी विसरले नव्हते हे माझं या वर्षातलं सर्वात मोठं यश.

निशाचर | २० फेब्रुवारी

इथल्याच टूसॉन शहरात चौदा वर्षं राहतोय. आप्पांना नमस्कार सांगा. पाण्याला बसायचं, हे शिकायला मला चार वर्षं आणि एक महागडी लेन्स लागली.

हावेलिनाबद्दल : दिसायला डुकरासारखा असला तरी कूळ वेगळं, पेकरी. पाठीवर मागच्या बाजूला गंधग्रंथी असते, कळपातले एकमेकांना ती घासून ओळख ठेवतात. तुम्हाला आलेला वास तोच. नजर अगदीच अधू, त्यामुळे कधी कधी तो तुमच्याच दिशेने पळत येतो आणि लोकांना वाटतं हल्ला केला. फड्या निवडुंग काट्यांसकट खातो, भडंगाचं तिखट त्याला काय लागणार! पण पुढच्या वेळी सगळं खाणं गाडीत बंद. माणसाच्या खाण्याला चटावलेली जनावरं शेवटी मारली जातात.

वेडेपणाबद्दल : जूनमध्ये दुपारी ४० अंशांच्या वर तंबूत ७२ वर्षांचा माणूस नको. पण एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा घ्या. सवारो तेव्हा फुलू लागतो. फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतं, एका फुलाचा कारभार एवढाच. रात्री वटवाघळं येतात, सकाळी कबुतरं आणि मधमाश्या. ही लांब नाकाची वटवाघळं मेक्सिकोतून फुलांमागे फुलं करत उत्तरेला येतात. एके काळी अस्तंगत होणार अशी भीती होती. २०१८ साली ती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आली, सावरल्यामुळे यादीतून निघालेलं पहिलं वटवाघूळ. टकिला ज्यापासून करतात त्या अगावेचं परागीभवनही हीच करतात, पिणाऱ्यांनी आभार मानावेत.

आणि घुबड बघा. एल्फ आउल. वजन जेमतेम ४० ग्रॅम, मुठीत मावेल, जगातलं सर्वात हलकं घुबड. सवारोत सुतारपक्ष्यांनी कोरलेली जुनी ढोली त्याचं घर. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं एका ढोलीवर नजर ठेवायची. आप्पांना जमेल, तुमच्या मुलाचं सांगता येत नाही.

मृगजळ | २० फेब्रुवारी

लेख छान, पण स्पष्ट बोलू का? एवढा खटाटोप करून दिसलं काय, तर एक कोल्ह्यासारखं जनावर, सरडे खाणारा पक्षी आणि डुकरं. आम्ही डिसेंबरात ताडोब्याला गेलो, दोन सफाऱ्यांत तीन वाघ. वाळवंटात जाऊन "अनुभव" वगैरे ठीक आहे, पण वन्यजीव बघायला जाण्याची ती जागा नव्हे.

निशाचर | २० फेब्रुवारी

वाघाचा तोटा इथे जॅग्वारने भरून काढलाय. टूसॉनच्या दक्षिणेला सांता रिटा डोंगरात २०१२ ते २०१५ एक नर वावरत होता. कॅमेरा ट्रॅपमध्ये पुन्हा पुन्हा यायचा, शाळकरी मुलांनी त्याचं नाव "एल हेफे" ठेवलं, म्हणजे बॉस. मग गायब. सगळ्यांना वाटलं मेला. नंतर मेक्सिकोत २०२१ च्या कॅमेऱ्यात तोच सापडला, अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखला. चौदा वर्षांत मी त्याचा पंजाही पाहिलेला नाही. पण त्या डोंगरात कंदील घेऊन चालताना तो आहे की नाही याची खात्री नसणं, यात जे आहे ते जिप्सीच्या रांगेत नाही. हे माझं मत, वाघवाल्यांनी रागावू नये.

सह्यभटका | २१ फेब्रुवारी

चिकाचं उत्तर देतो, वनस्पतीशास्त्र हे माझं पोटापाण्याचं साधन आहे.

सवारोला चीक नाही, कारण तो खरा कॅक्टस. शेर, त्रिधारी निवडुंग यांना चीक आहे कारण ते कॅक्टस नाहीतच, ते एरंडाच्या कुळातले. पाऊस कमी, ऊन जास्त, जनावरांचा त्रास, या एकाच पेपरला दोन वेगळ्या कुळांनी एकमेकांचं न बघता सारखंच उत्तर लिहिलं : पानं टाका, खोडात पाणी साठवा, काटे वाढवा. आप्पांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तोंडी परीक्षेत विचारतो. बहुतेक जण नापास होतात.

आता मजा बघा. माणदेशात बांधावर जो फड्या निवडुंग दिसतो, ज्याची लाल बोंडं खाऊन आप्पांनी लहानपणी जीभ रंगवली असेल, तो खरा कॅक्टस आहे, पण आपला नाही. तो अमेरिका खंडातून आला. त्याच्यावर पोसणारा कोचिनील किडा लाल रंगासाठी हवा होता, म्हणून वसाहतीच्या काळात ही झाडं भारतात आणली गेली आणि मग माळच्या माळ व्यापून बसली. पुढे ती आटोक्यात आणली तीही त्याच किड्याच्या भाऊबंदाने. म्हणजे आप्पा ऑर्गन पाइपला गेले ते निवडुंगाच्या माहेरीच गेले म्हणायचं.

@मृगजळ, तुमच्या प्रतिसादावर रागावलो नाही, पण पुण्यापासून दीड-दोन तासांवर सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला चिंकारा बघून या. मग कळेल की आपण ज्याला पडीक म्हणतो ते किती भरलेलं असतं. सरकारी नकाशात गवताळ माळ "पडीक" लिहून टाकला की त्याच्यावर काहीही उभारता येतं.

मृगजळ | २१ फेब्रुवारी

सुपे केलंय. ठिपके दिसले लांबवर. असो, मुद्दा पोचला.

बिऱ्हाडपाठीवर | २२ फेब्रुवारी

आम्ही दोघं व्हॅन घेऊन तीन हिवाळे या भागात फिरतोय, म्हणून पैशाचं आणि पाण्याचं थोडं.

कॅम्पग्राउंड भरलं तरी घाबरू नका. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, एका जागी १४ दिवसांपर्यंत. नळ नाही, संडास नाही, कचरा परत न्यायचा. राज्याच्या ट्रस्ट जमिनीला मात्र परवाना लागतो, दोन्ही जमिनी शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारख्याच. नकाशा आधी उतरवून घ्या, रेंज नसते. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी वेगळ्या, तिथे त्यांचे नियम. आणखी एक : ॲरिझोना उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे-मागे करत नाही, पण राज्यातलं नावाहो राष्ट्र करतं. उन्हाळ्यात उत्तरेला गेलात तर फोन दिवसातून तीनदा वेळ बदलतो. आम्ही एक बुकिंग याच्यात घालवलंय.

पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. हे कमीत कमी.

जनावरांत सर्वांत जास्त नुकसान कोणी केलं असेल तर ओळखा. उंदराने! पॅकरॅट रात्री इंजिनात शिरून वायरी कुरतडतो. म्हणून इथले जुने लोक रात्री गाडीचं बॉनेट उघडं ठेवतात, अंधारी ऊबदार जागा मिळाली नाही की तो बिऱ्हाड करत नाही. आम्हाला हे कळलं तोवर दुरुस्तीत एका महिन्याचं डिझेल गेलं होतं.

आणि ओढ्यात तंबू नको. इथे त्याला वॉश म्हणतात. वाळू मऊ, सपाट, आडोसा छान, म्हणून नवखा माणूस तिथेच थांबतो. पाऊस डोक्यावर पडावा लागत नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये लोट आला आणि ११ जण वाहून गेले. पाऊस झाला होता तो मैलोन् मैल लांब, कॅन्यनवर जवळजवळ नव्हताच. वाहत्या पाण्यात आडकाठी ओलांडून गाडी घातली आणि अडकलात तर ॲरिझोनात सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो. त्या कायद्याला लोक सरळ "मूर्ख वाहनचालक कायदा" म्हणतात.

विंचूरकर | २३ फेब्रुवारी

कोणी विंचवाचं काढलं नाही म्हणून मीच काढतो. नावाचा काही संबंध नाही, पेशाने डॉक्टर आहे, फिनिक्समध्ये.

फेब्रुवारीत आप्पांची गाठ पडली नसेल, पण मेपासून बार्क स्कॉर्पियन बाहेर पडतो. फिकट पिवळा, दोन-तीन इंच, भिंतीवर चढतो. अतिनील टॉर्च घेऊन रात्री फिरा, विंचू हिरवट निळा चमकतो. मुलाला याच्याइतका स्वस्त आणि भारी खेळ मिळणार नाही, फक्त पायात बूट हवेत आणि सकाळी बूट झटकून घालायचे. मोठ्या माणसाला बहुधा दुखणं आणि मुंग्या यावर भागतं. लहान मुलांचे डोळे गरगर फिरू लागतात, अंग झटके देतं, तेव्हा मात्र थेट इस्पितळ. यावरच्या प्रतिविषाला इथे २०११ मध्ये मान्यता मिळाली.

विंचू म्हटलं की मला महाड आठवतं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, रक्तदाबाचं साधं औषध. लाल विंचू हृदयावर घाव घालतो, इथला मज्जातंतूंवर. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. मी इथल्या तरुण डॉक्टरांना महाडची गोष्ट आवर्जून सांगतो.

जाता जाता हिला मॉन्स्टर नावाच्या प्राण्याबद्दल. काळ्या-नारिंगी मण्यांची नक्षी असलेला विषारी सरडा, आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली. त्याच्या लाळेतल्या एका घटकावरून मधुमेहाचं एक्झेनाटाइड हे औषध निघालं, २००५ साली बाजारात आलं. दिसला तर लांबूनच हात जोडा. त्याला पकडणं गुन्हा आहे, आणि चावला तर सहजी सोडत नाही.

कोरडवाहू | १ मार्च

सगळ्यांचे आभार. चिकाचं उत्तर आप्पांना वाचून दाखवलं. "माझं बी तेच म्हननं हुतं," म्हणाले. नव्हतं. बोंडांची आठवण मात्र खरी निघाली, अर्धा तास तेच चाललं होतं. बोंडावरची बारीक कुसं ओठाला लागू नयेत म्हणून मातीत घोळून घ्यायची वगैरे.

काट्यांवरून आठवलं, एक गोष्ट लाजेने लिहिली नव्हती. ऑर्गन पाइपला तिसऱ्या दिवशी मी चोयाला घासून गेले. टेडी बेअर चोया नाव, लांबून लोकरीचा वाटतो. त्याचा गोळा नुसत्या स्पर्शाने सुटून पोटरीला चिकटला. बोटांनी काढायला गेले तर तो बोटांना. काट्यांना उलट्या कुसळ्या असतात, ओढावं तसं रुततं. मी रडकुंडीला आले होते. आप्पांनी खिशातून फणी काढली, काळी, रुंद दातांची, टक्कल पडून वीस वर्षं झाली तरी जवळ बाळगतात ती. गोळ्याखाली सरकवली आणि एका झटक्यात उडवला. नंतर कळलं की इथले रेंजरही हेच सांगतात, फणी जवळ ठेवा.

गेल्या शनिवारी पुन्हा गाडी काढली, या वेळी आग्नेयेला, व्हाइटवॉटर ड्रॉ नावाच्या पाणथळीला. मॅकनीलजवळ. तंबू नाही, जवळच्या बिस्बी गावात खोली घेतली, कारण आई तयार झाली. सँडहिल क्रेन, म्हणजे करकोचे. बऱ्याच हिवाळ्यांत वीस हजारांच्या पुढे असतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कोयोटी आला तर पाणी वाजतं. उजाडताना उठतात. थवा दिसायच्या आधी आवाज येतो, आणि तो मला शब्दांत पकडता येत नाही. आईने पकडला : शेकडो लाकडी दारांच्या बिजागऱ्या एकदम करकरल्या. त्यानंतर तासभर ती थंडीत उभी होती, एकदाही "चला" म्हणाली नाही. मायणीच्या तलावावर लग्नानंतर पहिल्या वर्षी रोहित पक्षी बघायला आप्पांनी तिला सायकलवर डबलसीट नेलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं कोणी बोललं नव्हतं.

चहाबाज | २ मार्च

फणी यादीत लिहिली. सायकल वाचून बायको मला म्हणाली, "अहो, व्हाय नॉट?"

सह्यभटका | २ मार्च

पाणवठ्यावर बसण्यावरून : आप्पांनी कधी बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला मचाणावर रात्र काढली आहे का? वनखातं हल्ली हौशी लोकांना नेतं.

कोरडवाहू | ३ मार्च

विचारलं. मचाण नाही. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात विहिरीचा झिरा भरायची वाट बघत रात्र रात्र बसायचे, घागरीएवढं पाणी साचायला दोन तास. "तवा लांडगा याचा, ससं याचं, खोकड याचं. आमी बी पाण्यालाच बसल्यालो, ती बी पाण्यालाच."

निशाचर | ९ मे

धागा वर काढतोय. कोरडवाहू आणि मंडळींबरोबर टूसॉनजवळच्या सवारो नॅशनल पार्कात परवाची संध्याकाळ काढली. फुलं पुरेशी. ढोली क्रमांक एक : सुतारपक्षी. ढोली क्रमांक दोन : काही नाही. सात वाजून पस्तीस मिनिटांनी ढोली क्रमांक तीनमधून लिंबाएवढं डोकं बाहेर आलं. आधी दिसलं आठ वर्षांच्या मुलाला. मी माझे शब्द मागे घेतो.

कोरडवाहू | २७ जुलै

आप्पा-आई मेअखेरीस परतले. काल रात्री इथे पावसाळ्याचा पहिला खरा पाऊस झाला. इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. आधी धुळीची भिंत, मग विजा, मग वीस मिनिटं धो धो. क्रिओसोट झुडपाचा ओला वास सगळ्या वसाहतीत भरला होता, मातीच्या वासाहून कडवट, औषधी. थोड्या वेळाने मागच्या ओढ्यातून बकऱ्या बेंबाटल्यासारखा आवाज येऊ लागला. स्पेडफूट बेडूक. वर्षातला बराच काळ जमिनीत गाडून घेतलेले असतात, विजांच्या गडगडाटाने जमीन थरथरली की वर येतात. डबकं सुकायच्या आत अंड्याचा बेडूक व्हायला हवा, म्हणून आठ-दहा दिवसांत सगळं उरकतात. मुलाने खिडकीतून रेकॉर्ड करून आजोबांना पाठवलं.

लगेच फोन आला. बेडकांचं नंतर. पहिला प्रश्न, किती झाला? म्हटलं, आप्पा, ओढा वाहिला.

जरा थांबले. म्हणाले, "हितं अजून न्हाई."